टेक्निकलरचे दिवस : हॉलिवूडच्या जुन्या रंगीत सिनेमांवर गप्पा

चौकटराजा (धागाकर्ता)

'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) मधली डोरोथी आठवा. निळ्या चौकडीचा फ्रॉक आणि आत पांढरा ब्लाउज. तो ब्लाउज पांढरा नव्हता, फिका गुलाबी होता. शुभ्र कापडावर टेक्निकलरच्या दिव्यांचा उजेड पडला की ते इतकं चमकायचं की चुण्या, शिवण काही दिसायचं नाही. म्हणून त्या काळात रंगीत सिनेमासाठीचे पांढरे कपडे आधी जरा मळकट करून घेत, किंवा मग असा फिका रंग देत. पडद्यावर ते पांढरे दिसत. तिच्या लाल चपलांचंही तेच. मूळ पुस्तकात त्या चंदेरी आहेत. रंगीत फिल्मवर एवढा पैसा ओतायचा आणि चपला चंदेरी ठेवायच्या, हे स्टुडिओला कसं परवडणार?

जुन्या हॉलिवूडवर इथे धागे कमी नाहीत, पण गाडी नेहमी नट-नट्या, लफडी आणि ऑस्करवरच जाते. या धाग्यात फक्त रंगांबद्दल बोलूया. काळ साधारण १९३५ ते १९६०. माझं म्हणणं एवढंच की या सिनेमांतला रंग कॅमेऱ्यात आपोआप आलेला नाही. तो कोणीतरी बसून ठरवलाय, त्यावरून भांडणं झाली आहेत. हे डोक्यात ठेवून पाहिलं की पाठ असलेला सिनेमाही निराळा दिसतो.

थोडी पार्श्वभूमी. टेक्निकलर कंपनी १९१५ सालची, हर्बर्ट काल्मस आणि त्याच्या भागीदारांची. आधी दोन रंगांवर भागवत होते, त्यात धड निळं आकाश यायचं नाही. तीन रंगांची पद्धत आली १९३२ मध्ये, डिस्नेच्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' या छोट्या कार्टूनमधून. त्याला ऑस्करही मिळालं. पूर्ण लांबीचा पहिला सिनेमा 'बेकी शार्प' (१९३५). या कॅमेऱ्यात एका वेळी तीन निगेटिव्ह धावायच्या. लेन्समधून आलेला उजेड लोलकातून दुभंगायचा. एक वाटा हिरव्या फिल्टरमधून एका फिल्मवर, दुसरा वाटा एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्मांवर. त्यातली पुढची निळा टिपायची, मागची लाल. एवढी वाटणी झाल्यावर एकेकीच्या पदरात उजेड पडणार तो किती? म्हणून सेटवर आर्क दिव्यांचा मारा. 'ऑझ'च्या सेटवर पारा १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे जायचा आणि सिंहाचं काम करणारा बर्ट लार खऱ्या सिंहाच्या कातड्यात शिजत उभा असायचा.

कॅमेरा विकत मिळायचा नाही. भाड्याने घ्यायचा, सोबत टेक्निकलरचा माणूस, धुलाई टेक्निकलरच्याच लॅबमध्ये, आणि डोक्यावर एक रंगसल्लागार बाई, नॅटली काल्मस. हर्बर्टशी घटस्फोट १९२२ मध्येच झालेला, पण १९३४ ते १९४९ या काळातल्या जवळपास प्रत्येक टेक्निकलर सिनेमाच्या श्रेयनामावलीत बाईंचं नाव आहेच! आणि गंमत बघा, बाईंचा सगळा आग्रह संयमाचा. पार्श्वभूमी शांत ठेवा, भडक रंग प्रसंगाला गरज असेल तेव्हाच वापरा, दोन जोरकस रंग उगाच शेजारी आणू नका. १९३५ मध्ये त्यांनी यावर एक निबंधही लिहिला. 'गॉन विथ द विंड'च्या वेळी निर्माता सेल्झनिक टेक्निकलरच्या या लोकांवर जाम वैतागला होता. 'मीट मी इन सेंट लुइस'च्या (१९४४) वेळी व्हिन्सेंट मिनेलीचंही बाईंशी जमलं नाही.

माझा सगळ्यात लाडका शॉट परत 'ऑझ'मधलाच. वादळात उडालेलं घर खाली येतं, सगळं अजून तपकिरी. डोरोथी दार उघडते आणि बाहेर रंगांचं जग. हा लॅबमधला खेळ नाही, हातचलाखी आहे. घराची आतली बाजू चक्क तपकिरी रंगवली होती. दार उघडणारी पाठमोरी मुलगी ज्युडी गारलंड नव्हेच, तपकिरी कपड्यांतली तिची डमी. ती दार उघडून बाजूला सरकते आणि निळ्या फ्रॉकातली खरी ज्युडी पुढे जाते. सगळं एकाच रंगीत फिल्मवर.

तर मंडळी, येऊ द्या. कोणता सिनेमा, कोणता रंग, कुठे पाहिला?

---

खवचट_काका

लेख छान, पण मला हे सगळं भडकच वाटतं. गालांना शेंदूर फासल्यासारखे नट आणि पोस्टकार्डातलं आकाश. त्याच काळातले कृष्णधवल पिक्चर बघा, सावलीत अर्धा चेहरा बुडालेला असतो तेव्हा कळतं माणूस काय विचार करतोय. रंग आला आणि सावली गेली.

(ह. घ्या. पण फार हलकं घेऊ नका.)

---

मनमौजी

काकांशी सहमत. रंगीत म्हणजे नाचगाणी नाहीतर तलवारबाजी. गंभीर काही असलं की स्टुडिओवाले स्वतःच कृष्णधवल फिल्म काढायचे.

---

मृण्मयी_एडिसन

काका, 'लीव्ह हर टू हेवन' (१९४५) पाहिलाय का? नसेल तर पाहा आणि मग बोलू. खून, मत्सर, कपट, सगळा मसाला त्या सावलीवाल्या सिनेमांचा. पण चित्रण भर दुपारच्या उन्हात, झगझगीत टेक्निकलरमध्ये. जीन टियर्नी होडीत बसली आहे, डोळ्यांवर काळा चष्मा, ओठ लालभडक. नवऱ्याचा अपंग धाकटा भाऊ तळ्यात पोहतोय, दमलाय, हाका मारतोय. ती वल्हं न हलवता बघत बसते. तळ्याचं पाणी हिरवंनिळं, मागे पाइनची झाडं, कुठेही सावली नाही. लपायला जागाच नाही, ना त्या मुलाला ना आपल्याला. लिऑन शॅमरॉयला या सिनेमाच्या छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. हा प्रसंग कृष्णधवल असता तर पहिल्याच फ्रेमला कळलं असतं की काहीतरी वाईट होणार आहे. इथे ते कळू देत नाहीत.

दुसरं, इथे न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमन म्युझियम आहे. त्यांच्या ड्रायडन थिएटरमध्ये अजून जुन्या नायट्रेट प्रिंट दाखवतात. नायट्रेट म्हणजे भस्सकन पेट घेणारी जुनी फिल्म. त्यासाठी खास प्रोजेक्शन खोली लागते आणि अमेरिकेत अशी मोजकीच थिएटरं उरली आहेत. तिथे टेक्निकलरची जुनी प्रिंट पाहिल्यापासून घरच्या टीव्हीवरचा लाल मला लाल वाटेनासा झालाय. लालाला खोली असते हो. शब्दांत नाही सांगता येत, रिळवालेकाका सांगतील, ते इथे असतात ना?

---

अर्धवट

वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

रिळवाला

हाक आली म्हणून आलो. मी मुंबईत एका लॅबमध्ये ग्रेडिंगला, म्हणजे प्रिंटचे रंग जुळवायला, होतो, आता निवृत्त. मृण्मयीताईंनी लिहिलेल्या त्या खोलीचं कारण रसायनात आहे, जमेल तसं सांगतो.

चौकटराजांनी कॅमेरा नीट सांगितला. पण टेक्निकलरची खरी करामत प्रिंटमध्ये होती. तीन निगेटिव्हवरून तीन ठसे करायचे. हे ठसे म्हणजे फिल्मच, पण तिच्यावर जिलेटिनचा उठाव. चित्रात जिथे जास्त रंग हवा तिथे थर जाड, कमी हवा तिथे पातळ. मग एकेक ठसा त्याच्या रंगात भिजवायचा. लाल टिपलेल्या निगेटिव्हचा ठसा निळसर-हिरव्या रंगात, हिरव्याचा किरमिजीत, निळ्याचा पिवळ्यात. आणि एका कोऱ्या फिल्मवर तिन्ही एकापाठोपाठ एक दाबायचे. कापडावर लाकडी ठशांनी छपाई करतात ना, पहिला रंग, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि ठसा केसभर सरकला की फूल बिघडलं, तसंच. फक्त इथे फूल पोस्टाच्या तिकिटाएवढं आणि पडदा चाळीस फुटांचा. सुरुवातीच्या काळात कोऱ्या फिल्मवर आधी एक फिकट कृष्णधवल चित्रही छापून घेत, म्हणजे कडा आणि काळे भाग घट्ट राहत. गडद लालाच्या खाली तेही असायचं.

या पद्धतीत रंग बाहेरून आणलेला असल्यामुळे पक्का, टिकाऊ रंग निवडता यायचा. म्हणून त्या प्रिंट सत्तर-ऐंशी वर्षांनीही ताज्या दिसतात. आमच्या धंद्यात तिला 'आयबी' प्रिंट म्हणत. जुन्या डब्यात आयबी निघाली की सगळं खातं बघायला जमायचं.

१९५० मध्ये कोडॅकची ईस्टमनकलर आली. एकाच फिल्ममध्ये तिन्ही थर, साधा कॅमेरा चालतो, भाडं नाही, सल्लागार बाई नाहीत. स्टुडिओंनी उड्या मारल्या. तीन पट्ट्यांच्या कॅमेऱ्यावर काढलेला शेवटचा अमेरिकन सिनेमा 'फॉक्सफायर', १९५५ चा. पण ईस्टमनचे रंग फिल्मच्या आतच धुलाईच्या वेळी तयार होतात आणि तेव्हाचे ते रंग कच्चे होते. डबाबंद ठेवली तरी उडायचे. आधी निळसर रंग जातो, मग उरतं ते सगळं गुलाबी-तांबडं. तुमच्यापैकी ज्यांनी मॅटिनीला जुनी इंग्रजी पिक्चरं पाहिली असतील त्यांना आठवेल, आकाश गुलाबी, गवत विटकरी, हिरॉइनला ताप आल्यासारखी. थिएटरात लोक ऑपरेटरला शिव्या घालायचे. त्या बिचाऱ्याने प्रोजेक्टरच्या आर्क दिव्याचे कार्बन कितीही नीट लावले तरी प्रिंटच मेलेली असेल तर तो काय करणार!

आणखी एक. १९५५ नंतर पडद्यावर 'टेक्निकलर' लिहिलेलं असलं म्हणजे तीन पट्ट्यांचा कॅमेरा होता असं समजू नका. निगेटिव्ह ईस्टमनची, पण प्रिंट ठशांनी छापलेली, असं पुढे वीस वर्षं चाललं. 'द गॉडफादर पार्ट २' (१९७४) हा अमेरिकेत तसा छापलेला शेवटचा मोठा सिनेमा. खर्च परवडेना म्हणून बंद केलं. तीच विद्या पुढे चीनने बीजिंगला नेऊन काही वर्षं चालवली.

काका, आता सावलीबद्दल. तुमचं अर्धं बरोबर आहे. सुरुवातीच्या टेक्निकलरला उजेड इतका लागायचा की सावली ठेवणं जिकिरीचं होतं. १९३९ मध्ये जास्त संवेदनशील फिल्म आली तेव्हा जरा मोकळीक मिळाली. 'गॉन विथ द विंड'चे दिव्याच्या उजेडातले प्रसंग पाहा.

---

अर्धवट

रिळवालेकाका __/\__ यावर वेगळा धागा काढा हो.

---

झाशीवाला

रिळवालेकाकांनी 'गॉन विथ द विंड'चं नाव काढलंच आहे तर त्याचा आपल्याशी असलेला धागा सांगतो. त्या सिनेमाचं रंगीत छायाचित्रणाचं ऑस्कर अर्नेस्ट हॅलर आणि रे रेनहान या दोघांना मिळालं. रेनहान टेक्निकलरचा घरचा माणूस, हॅलर स्टुडिओचा. त्या वर्षीपासून रंगीत आणि कृष्णधवल अशी वेगवेगळी ऑस्कर द्यायला लागले. तर हाच अर्नेस्ट हॅलर पुढे मुंबईत आला, सोहराब मोदींच्या 'झाँसी की रानी' (१९५३) साठी! भारतातला पहिला टेक्निकलर सिनेमा. राणीच्या भूमिकेत मेहताब. पैसा पाण्यासारखा ओतला आणि सिनेमा सपशेल पडला.

त्याच्या आधीच्या वर्षी मेहबूबचा 'आन' आला होता. तो १६ मिमीच्या फिल्मवर काढून ३५ मिमीवर मोठा केला आणि प्रिंट टेक्निकलरच्या, त्यामुळे 'पहिला' म्हणताना लोक 'झाँसी'चंच नाव घेतात. नंतर शांतारामबापूंचा 'झनक झनक पायल बाजे' (१९५५). आणि बापूंची रंगाची हौस त्याहून कितीतरी जुनी. प्रभातचा 'सैरंध्री' १९३३ मधला, 'बेकी शार्प'च्याही दोन वर्षं आधी. रंगीत प्रिंटसाठी ते जर्मनीपर्यंत गेले, पण रंग मनासारखे आले नाहीत आणि सिनेमाही चालला नाही. पुढची वीसेक वर्षं बापूंनी कृष्णधवलवरच काढली.

---

खवचट_काका

@झाशीवाला : म्हणजे ॲटलांटा पेटवणारा माणूस आणूनही झाशी पेटली नाही.

---

झाशीवाला

@काका : हॅलरच्या नावावर सगळं ढकलू नका. ॲटलांटाची आग १० डिसेंबर १९३८ च्या रात्री लावली, तेव्हा नायिका स्कार्लेट कोण करणार हेसुद्धा ठरलं नव्हतं. घोडागाडीत डमी बसवल्या होत्या. जळतंय ते ॲटलांटा नाहीच, स्टुडिओच्या आवारातले जुने सेट आहेत, 'किंग काँग'मधल्या अवाढव्य भिंतीसकट. जागा मोकळी करायची होतीच, म्हटलं जाळताना चित्रीकरणही उरकू. सात टेक्निकलर कॅमेरे लावले होते. आणि त्याच रात्री, आग चालू असताना, व्हिव्हियन ली, म्हणजे पुढची स्कार्लेट, सेल्झनिकसमोर येऊन उभी राहिली.

---

अदिती_म

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. 'गॉन विथ द विंड'चे सूर्यास्त सुंदर आहेत, मान्य. पण त्या लाल आकाशाखाली गुलामी ही जणू मोठ्या घरातली प्रेमळ नोकरी असल्यासारखी दाखवली आहे. मॅमी या गुलाम दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभात तिला मात्र बाकीच्या कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं. त्याआधी डिसेंबर १९३९ मध्ये ॲटलांटात प्रीमियर झाला, जॉर्जियात वर्णभेदाचे कायदे असल्यामुळे ती तिथे गेलीच नाही. नॅटलीबाईंचा ब्लाउज गुलाबी का होता यावर आपण एवढं बोलतो, तर हेही त्याच काळातलं आहे.

---

मनमौजी

अवांतर होतंय. धाग्याच्या दुसऱ्या परिच्छेदात 'फक्त रंगांबद्दल' असं स्पष्ट लिहिलंय.

---

चौकटराजा

@मनमौजी : मला अवांतर वाटत नाही, राहू द्या. उलट अदितीताईंच्या मुद्द्याला जोड देतो. रंग-उजेडाच्या मोजणीचा सगळा हिशोब गोऱ्या चेहऱ्याभोवती होता. नॅटलीबाईंच्या नियमांत पार्श्वभूमी शांत का ठेवायची, तर नटीच्या चेहऱ्याला उठाव यावा म्हणून, आणि नटी कोण हे गृहीतच होतं.

(ब्लाउज नॅटलीबाईंचा नाही, डोरोथीचा आहे. :) )

---

पावसाळी_ढग

रंगांबद्दलच बोलते. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८), छायाचित्रण रॉबर्ट बर्क्स. यात हिरवा हा रंग नाहीच, ते पात्र आहे. मॅडेलिन पहिल्यांदा दिसते ती लाल भिंतींच्या रेस्टॉरंटमध्ये, हिरव्या शालीत. तिची गाडी हिरवी. पुढे ती गेल्यावर नायक स्कॉटीला रस्त्यात तिच्यासारखीच दिसणारी जुडी दिसते तेव्हा तिच्या अंगात हिरवा स्वेटर. आणि मग तो हॉटेलच्या खोलीतला प्रसंग. खिडकीबाहेर निऑनची पाटी आहे, तिचा हिरवा उजेड खोलीत भरलेला. स्कॉटीने हट्टाने जुडीचे केस रंगवून घेतलेत, राखाडी सूट घालायला लावलाय, अंबाडासुद्धा तसाच. ती न्हाणीघरातून बाहेर येते आणि दोन क्षण त्या हिरव्या धुक्यात माणूस कोण आणि भूत कोण हे कळत नाही. तो राखाडी सूट किम नोव्हाकला मुळीच आवडला नव्हता, वेशभूषाकार एडिथ हेडकडे तिने तक्रारही केली. हिचकॉक हटला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यातून आल्यासारखी बाई हवी होती त्याला.

काका, सावली गेली म्हणता, इथे रंगच सावलीचं काम करतोय.

दुसरा माणूस डग्लस सर्क. त्या वेळच्या समीक्षकांनी याला रडक्या बायकी सिनेमांचा दिग्दर्शक म्हणून उडवून लावलं. 'ऑल दॅट हेवन अलाउज' (१९५५) पाहा. मध्यमवयीन विधवा बाई, माळ्यावर जीव जडलेला, गावात कुजबूज, मोठ्या मुलांना लाज. नाताळला मुलं आईला टीव्ही भेट देतात, म्हणजे आता घरात बस आणि हा बघ. सेल्समन सांगतोय की नाटक, विनोद, सगळं आयुष्य या पडद्यावर मिळेल. बंद टीव्हीच्या काचेत तिचा एकटीचा चेहरा. लाल फीत बांधलेला टीव्ही आणि काचेतली ती राखाडी बाई! छायाचित्रकार रसेल मेटी. खिडकीतून निळा उजेड, दिव्याचा पिवळा, एकाच चेहऱ्यावर दोन बाजूंनी दोन रंग पाडतो आणि आपण चूपचाप मान्य करतो. असा उजेड कुठल्याच घरात नसतो. नॅटलीबाईंनी तोवर टेक्निकलर सोडलं होतं, नाहीतर त्यांनी हे होऊ दिलं नसतं.

---

मृण्मयी_एडिसन

+१००. 'रिटन ऑन द विंड'मधली पिवळी स्पोर्ट्स गाडी विसरू नका. आणि डोरोथी मलोनचा तो नाच, वर तिच्या खोलीत ती बेभान नाचते आहे आणि खाली बाप जिन्यावरून कोसळतोय. मला विचाराल तर सर्कचा सगळ्यात चांगला पाच मिनिटांचा तुकडा तोच.

---

सुमेध

'ब्लॅक नार्सिसस'चं नाव कोणीच घेतलं नाही? हिमालयातला मठ, घंटेच्या कड्यावरून खोल दरी, आणि सगळं लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत काढलेलं. डोंगर काचेवर रंगवलेले. जॅक कार्डिफला ऑस्कर. शेवटाकडे जोगीण लाल लिपस्टिक लावते तो क्लोजअप पाहिल्यावर इतर कुठला लाल आठवत नाही.

---

मनमौजी

तो ब्रिटिश आहे. धागा हॉलिवूडचा आहे.

---

सुमेध

टेक्निकलर तीच, निगेटिव्ह तीच, भाड्याचा कॅमेरा तोच. बरं, मग 'द रिव्हर' (१९५१) चालेल? दिग्दर्शक फ्रेंच, ज्याँ रन्वार. निर्माता लॉस एंजेलिसमधला फुलांचा व्यापारी केनेथ मॅकेल्डाउनी, आधी एकही सिनेमा न केलेला. चित्रीकरण सगळं बंगालमध्ये, हुगळीच्या काठी. टेक्निकलर असल्यामुळे रीळ धुवायला लंडनला जायचं आणि काय काढलंय ते बघायला युनिट वाट पाहत बसायचं. रन्वारला जागा दाखवत फिरणारा तरुण म्हणजे जाहिरात कंपनीत नोकरी करणारा सत्यजित राय. आणि सेटवर नुसता बघायला येणारा पोरगा सुब्रत मित्र, पुढे 'पथेर पांचाली'चा छायाचित्रकार. हे दोघे टेक्निकलर जवळून पाहून कृष्णधवलकडे गेले, यावर खवचट काकांनी खूश व्हायला हरकत नाही.

---

खवचट_काका

झालो.

---

नवखी_प्रेक्षक

धागा वाचून एका रात्रीत मोठी यादी झाली आहे, सगळ्यांना धन्यवाद. भाबडा प्रश्न, यातल्या एकाच सिनेमाच्या तीन-चार आवृत्त्या दिसतात. 'ऑझ'चं सुरुवातीचं कॅन्ससचं शेत एका ठिकाणी तपकिरी आहे, लहानपणी टीव्हीवर पाहिलं तेव्हा साधं कृष्णधवल होतं. 'गॉन विथ द विंड'चा रंग दोन डीव्हीडींत दोन तऱ्हांचा. मग खरा कोणता?

---

रिळवाला

प्रश्न भाबडा नाही, आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच.

'ऑझ' सोपं आहे. १९३९ ला कॅन्ससचा भाग तपकिरी छटेतच दाखवला होता. १९४९ ला पुन्हा लावला तेव्हा ती छटा न देता साध्या कृष्णधवल प्रिंट काढल्या, टीव्हीवर तेच चालत राहिलं. पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने १९८९ मध्ये तपकिरी छटा परत आणली. तपकिरी बघा. दाराचा तो शॉटही त्याशिवाय जुळत नाही.

'गॉन विथ द विंड'मध्ये गोष्ट वेगळी. तीन निगेटिव्ह तीन ठिकाणी आकसतात, सारख्या प्रमाणात नाही. मग एकावर एक ठेवायला गेलं की ओठांच्या बाहेर लाल रेघ, खांद्याला हिरवी कड. जुन्या काळात हे जेवढं जमेल तेवढंच जुळवत. २००४ मध्ये वॉर्नरने तिन्ही निगेटिव्ह वेगवेगळ्या स्कॅन करून संगणकावर जुळवल्या, तेव्हा कापडाचा पोत दिसायला लागला. त्याच्या आधीची डीव्हीडी तुमच्याकडे असेल तर ठेवून द्या आणि नवी बघा.

'व्हर्टिगो' सगळ्यांत कठीण. निगेटिव्ह ईस्टमनची, म्हणजे रंग उडालेले. सुरक्षिततेसाठी तीन रंगांच्या तीन कृष्णधवल प्रती काढून ठेवल्या होत्या, त्याही वेड्यावाकड्या आकसलेल्या. १९९६ मध्ये हॅरिस आणि कॅट्झ या जोडीने जे उभं केलं त्यात बऱ्याच ठिकाणी त्यांना अंदाजानेच जावं लागलं. आवाज नव्याने केल्याबद्दल त्यांना लोकांनी धुतलंही. मी त्यांच्या बाजूचा आहे. मेलेली निगेटिव्ह समोर घेऊन बसल्याशिवाय टीका करणं सोपं असतं.

आणि 'सिंगिंग इन द रेन'च्या मूळ निगेटिव्ह तर १९७८ च्या रॉचेस्टरच्या आगीत गेल्या. आज जी सिड चॅरिसची हिरवी झगझगीत झूल बघता ती दुसऱ्या प्रतींवरून आलेली आहे.

कुठेही मूळ आयबी प्रिंट शाबूत असेल तर ग्रेडिंगवाला ती शेजारी लावून बसतो. तीही प्रिंट एका विशिष्ट आर्क दिव्यासाठी केलेली असते, आजच्या प्रोजेक्टरवर ती जराशी वेगळी दिसणारच. त्यामुळे शंभर टक्के तोच रंग मिळेल ही आशा सोडा. सूट राखाडी आहे, पाटी हिरवी आहे आणि चेहरा माणसाचा आहे, एवढं जुळलं की पुढे जा.

---

चौकटराजा

हे असं काही वाचायला मिळावं म्हणूनच धागा काढला होता. पुण्यात कोणाला फिल्म अर्काइव्हमध्ये यातलं काही मोठ्या पडद्यावर पाहायला मिळालं असेल तर जरूर लिहा.

---

खवचट_काका

मृण्मयीताई, काल रात्री 'लीव्ह हर टू हेवन' पाहिला. ती होडीतली बाई... झोप उडवली हो. सावलीबद्दलचं माझं मत मागे घेत नाही, पण हा एक पिक्चर वगळून. आता रिळवाल्यांना तक्रार, आमच्या नव्या टीव्हीवर ते तळं इतकं निळं दिसत होतं की सौ. म्हणाल्या, पोहण्याचा तलाव आहे का? आणि तिचे ओठ तर नारिंगी. हे शॅमरॉयचं की माझ्या टीव्हीचं?

---

रिळवाला

टीव्हीचं. दुकानातून येतो तेव्हा तो 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर ठेवलेला असतो, दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये उठून दिसावा म्हणून. सेटिंगमध्ये जाऊन 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. 'मोशन स्मूदिंग' नावाचं काही असेल ते बंद करा, नाहीतर १९४५ चा सिनेमा मालिकेसारखा दिसतो. कलर टेम्परेचर 'वॉर्म'. पहिली दहा मिनिटं सगळं पिवळट वाटेल, सौ.ना तेवढा धीर धरायला सांगा. मग तेच तळं पुन्हा लावून बघा.